सहा सिलिंडरचा क्रँक

चन्नम्मा चौकात सिग्नल लाल.
सातेरीनं ओम्नी न्यूट्रलला टाकली
आणि विचारलं, "बोल गा, कुठनं जाऊया?"

सरळ गेलं की कोल्हापूर.
गुळगुळीत काळा हायवे, आंबा घाट, सहा तासांत रत्नागिरी.
डावीकडं हिंडलगा, शिनोळी, आंबोली,
मग वेंगुर्ल्यापासनं समुद्र धरून वर वर,
मालवण, देवगड, खाडीमागून खाडी.
चार तास जास्त.

मागच्या सीटवर गोणपाटात क्रँक,
ग्रीस लावून, पेपरात गुंडाळून,
तापातल्या पोराला निजवावं तसा निजवलेला.
बावीस वर्षं मी उद्यमबागेत ग्राइंडरवर उभा.
बोटींचे क्रँक येतात, खारानं खाल्लेले.
एकदा कुणी बघत नाही असं बघून
जर्नलवरचा पांढरा थर जिभेला लावला होता.
माझा समुद्र तेवढाच.
खोटं कशाला, दहावीच्या सहलीत गोव्याला बघितलेला,
पण तेव्हा मी उलट्या काढत होतो.

वैजयंतानं दोन वेळचा डबा दिलेला.
मी काही बोललो नव्हतो घरी.
"लागला तर असू दे," एवढंच म्हणाली.

हमीदभाईंचा सकाळपासनं चौथा फोन:
बर्फ भरून ठेवलाय, आठ खलाशी बसून आहेत,
पहाटेच्या भरतीला बोट सुटायलाच हवी.
सिग्नलचे आकडे उलटे पळत होते.
"काय विचार करूलालास? गाडी मालकाची,
गॅस मालकाचा, रस्ता तेवढा तुझा."

नऊ. आठ. मागं बसवाल्यानं आत्ताच हॉर्न धरला.
"सरळ," म्हटलं.

वंटमुरीचा उतार. हत्तरगीचा टोल.
संकेश्वरला मळीचा वास, निपाणीत तंबाखूचा,
गावं मी नाकानंच मोजली.
कोगनोळीपुढं राज्य बदलतं म्हणे.
डांबराला एक जोड आहे, तेवढाच दडकन् वाजला
आणि मागं क्रँक जरा कूस बदलल्यासारखा हलला.

पोचलो तेव्हा धक्क्यावर अंधार.
मासळी, डिझेल, दोरखंड.
समुद्र होता तिथंच कुठंतरी,
लाकडावर चापट मारल्यासारखा आवाज करत.
मिस्त्रीनं टॉर्च दातात धरून क्रँक बसवला.
मी बोटाच्या नखानं जर्नल पुन्हा पुन्हा चाचपला.
साडेतीनला इंजिन घेतलं:
आधी खोकलं, धूर ओकलं,
मग एकसारखं, सुताराच्या रंध्यासारखं चालू लागलं.
सहाही जागी दोन थाऊचा फरक नाही,
ते कानाला कळतं. हमीदभाईंना कळलं नाही.
त्यांनी फक्त पैसे मोजून दिले आणि उडी मारून आत गेले.

बोट गेली. दिवा बारीक होत गेला.
त्या दिव्याखाली, पाण्याच्या वर हातभर,
माझं बावीस वर्षांचं उभं राहणं गरगर फिरत होतं.
मी ते सातेरीला सांगितलं नाही. त्याला झोप येत होती.

उजाडलं, चहा झाला. गाडी मोकळी.
"आता?"
"समुद्र उजव्या हाताला ठेव," म्हटलं.
मालकाचा फोन वाजत होता. वाजू दिला.

पावसच्या पुढं एक वळण आठवतंय,
माडांच्या मधनं काहीतरी चकाकलेलं.
मग रात्रीची झोप एकदम अंगावर आली.

जाग आली ती थंडीनं. काचेबाहेर धुकं.
"आलं काय वेंगुर्ला?"
"आंबोली चढूलालोय गा," सातेरी हसला,
"दोनदा हलवलं. तू काय उठूलालास?
मग मीच बघितलं, दोघांचं."

नाक्यावर उतरून दुसरा डबा उघडला.
भाकरी वाकत नव्हती, ठेचा तसाच झणझणीत.
सातेरी आडोशाला गेला तेव्हा
समोरच्या काचेवर बोट फिरवलं,
पांढरट, चिकट काहीतरी होतं,
आणि कुणी बघत नाही असं बघून
जिभेला लावलं.