वन्थ

हर्णैच्या बंदरावर लिलाव उठला की
जागृती चोगले शिकवणीला येते.
वहीला सुरमईचा वास, बोटांत अजून बर्फ.
परवा म्हणाली, सर,
फोरचं फोर्थ, सिक्सचं सिक्स्थ,
मग वनचं वन्थ का नाही?

म्हटलं, आपल्यात तरी एकावा कुठंय?
पहिला एकाच्या घरचा नाहीच,
तो वेगळ्या गावाहून आलाय.
फर्स्टही तसाच. मोजणीतला नव्हे,
नुसता सगळ्यांच्या पुढे असलेला.

म्हणजे नाळ, ती म्हणाली.
होडीची नाळ कुणी मोजत नाही.
ती पाण्यात आधी शिरते, एवढंच.

(एकवीस वर्षं शिकवतोय.
हे कुठल्या पुस्तकात नव्हतं.)

थर्ड हा पूर्वी थ्रिड होता.
बोलता बोलता र घसरून मागे गेला,
जसं तिच्या आज्याच्या तोंडी
नुकसानाचं नुसकान होतं
आणि तोटा तेवढाच राहतो.

सेकंड मात्र इंग्रजांच्या घरचा नाही.
त्यांच्याकडे आधी अदर होता:
दुसरा म्हणजे नंतरचा,
आणि दुसरा म्हणजे वेगळाही.
घोटाळा व्हायचा.
मग फ्रेंचांकडून हा उसना आणला,
फ्रेंचांकडे आला लॅटिनमधून,
तिथं त्याचा अर्थ पाठोपाठ येणारा.
शिडात मागून भरणाऱ्या वाऱ्यालाही
रोमचे खलाशी हाच शब्द लावत.

आणि घड्याळातला?
तोही हाच. तासाचे बारीक तुकडे केले, ती मिनिटं.
त्या तुकड्यांचे दुसऱ्यांदा केले, ते सेकंद.

तिनं पेन्सिलीचं टोक पाहिलं.
आमच्यात घोटाळा आहे अजून, म्हणाली.

मला ठाऊक होतं.
केशर दाभोळहून आली त्याला चार वर्षं झाली,
वाडीत तिला कुणी नावानं हाक मारत नाही.
चोगल्याची दुसरी.
बर्फाच्या गाडीवाल्यालासुद्धा तेवढंच पुरतं.

पाच ओळी लिहून आण म्हटलं होतं, माझं कुटुंब.
आज वही उघडली.
माय अदर मदर सेल्स फिश.
अदर खोडलेलं. वर सेकंड.
तेही खोडलेलं, कागद फाटेपर्यंत.
समासात, देवनागरीत, केशर.

लाल पेन हातात होतं.
सेल्सचं स्पेलिंग चुकलं होतं, तेवढं सुधारलं.

आज अष्टमी. भांगाचं पाणी,
ना धड भरत, ना धड ओसरत.
दारात केशर उभी, रिकामी पाटी कमरेवर,
आत यायला संकोचलेली.
पोरीचं बरं चाललंय ना, विचारते,
उत्तर ऐकायला थांबत नाही.

खिडकीतून पुळण दिसते.
जागृती पुढे, केशर मागे.
सुवर्णदुर्गाच्या बाजूनं गार वारा सुटलाय.
जरा पुढे गेल्यावर
पाटी जागृतीच्या डोक्यावर, आणि
केशर पुढे.