फक्त प्रणिता हेडाऊ यांच्यासाठी

नायिका विहिरीच्या काठावर येते
आणि तिच्या कपाळावरून माझं नाव जातं.
तिरपं, राखेसारखं फिकट.
फक्त प्रणिता हेडाऊ यांच्यासाठी.
खाली तारीख, वेळ, माझ्या कॉम्प्युटरचा नंबर.
दर चाळीस सेकंदांनी ते जागा बदलतं,
कधी बैलाच्या पाठीवर,
खुनाच्या वेळी नेमकं सुऱ्यावर.

करारात लिहिलंय, मोबाईल खोलीबाहेर.
तो मी तुरीच्या डाळीच्या डब्यात ठेवते.
वाजला की डाळ थरथरते.
खिडकीला जुनी चादर, दाराला कडी,
मे महिना, आणि कूलर बंद,
कारण त्याच्या घरघरीत संवाद बुडतात
आणि मला संवादच लिहायचे आहेत,
या भाषेतून त्या भाषेत, ओळीला अडतीस अक्षरं,
सेहेचाळीस अंशांच्या नागपुरात.

बाबा सीताबर्डीच्या फुटपाथवर सीड्या विकायचे.
निळ्या ताडपत्रीवर मांडलेल्या, तीसला एक, पन्नासला दोन.
शुक्रवारचा सिनेमा शनिवारी,
कधी कधी गुरुवारीच.
पोलीस दिसले की ताडपत्रीची चारी टोकं एकत्र
आणि बाबा मोदी नंबर तीनच्या गल्लीत.
माझी दहावीची फी त्या गाठोड्यातून आली,
म्हणजे कुणाच्या तरी तीन वर्षांच्या कामातून.
हे तेव्हा मला माहीत नव्हतं.
माहीत असतं तरी मी फी भरली असती.

उरलेल्या सीड्या आम्ही घरी बघायचो.
पडदा वाकडा. मध्येच कुणीतरी उठायचं,
नायकाच्या छातीवरून एक काळं डोकं
मुतारीला जाऊन परत यायचं.
आणि एक माणूस खोकायचा, प्रत्येक सिनेमात.
तोच असावा, कॅमेरा धरून बसलेला.
मला वाटायचं, खोकला सिनेमातच असतो.
बारावीनंतर पहिल्यांदा थेटरात गेले,
आई मरते त्या प्रसंगात कुणीच खोकलं नाही,
तर मला चुकल्यासारखं झालं.

मंगळवारी लांजेवार काका आले, बाबांचे जुने जोडीदार.
चहा बशीत ओतला. उन्हाचं बोलले, गुडघ्याचं बोलले,
मग खिशातून पेन ड्राइव्ह काढून
बशीशेजारी ठेवला, सुपारी ठेवावी तसा.
"दोन लाख देतेत पोट्टे. शुक्रवारच्या आधी पायजे.
तुह्यं नाव पुसता येते वं, त्याले बी मानसं हायेत."

बाबा काही बोलले नाहीत.
टेबल चाचपून पेन ड्राइव्ह शोधला,
काकांच्या मुठीत दिला, मूठ मिटवली.
"चाल, तुले चौकालोक सोडून देतो."
मोतीबिंदूनं ज्यांना उंबरठा दिसत नाही
ते दिसणाऱ्याला सोडायला गेले.

मी विचार केला नाही असं नाही.
कूलरची मोटर, बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन,
कराराच्या मागच्या कोऱ्या बाजूवर बेरीज केली.
पण अडकले ते काकांच्या दुसऱ्या वाक्यावर.
नाव पुसता येतं.
ते तर पुसलं जाणारच आहे.
शेवटच्या पाट्यांमध्ये कुत्रा सांभाळणारा आहे,
जेवणाचे डबे पुरवणारे आहेत, दोघं भाऊ.
मी नाही.
शुक्रवारी हा सिनेमा सगळ्यांचा होईल
आणि त्याच दिवशी माझं नाव त्यातून निघून जाईल.
ज्या एका प्रतीत ते आहे
ती मला कुणालाच दाखवायची नाही.

रात्री दाराबाहेरून बाबांनी विचारलं,
"कसा हाये वं पिच्चर?"
"सांगता येत नाही, बाबा."
"बरं. नोको सांगू."
चपला घासत गेल्याचा आवाज आला नाही.
आत शेवटचा प्रसंग चालू होता.
नायिका नुसती बघते, बराच वेळ,
तिथे मला काही लिहायचं नव्हतं.
दाराबाहेर बाबा खोकले.