पाटी

चाळीस वर्षं या शहराला काय खायचं
ते मी लिहून दिलं.
चाखलं त्यातलं फार थोडं.

तेव्हा 'याला ठाण्याला पाठवा' असं कुणी म्हणालं
तर ते जेवायला नसायचं.
दादरचे पाहुणे हसत विचारायचे, कुठल्या वॉर्डात राहता?
आणि परत जाताना तेच
मिसळीचा कट डब्यात भरून न्यायचे,
झाकणाला फडकं बांधून.

माझ्याजवळ पाच-सहाच शब्द होते.
उपाहारगृह. थालीपीठ. पीयूष. शुद्ध.
पिवळ्यावर लाल, डावीकडे काळी सावली.
नौपाड्यातले परचुरे शिडी धरून उभे राहिले,
म्हणाले, खाली लिही,
आमची कोठेही शाखा नाही.
'नाही'वर जरा जाड हात मार.

मग खोपटला भुजंग शेट्टीनं गाडीवर ड्रॅगन मागितला.
ड्रॅगन मी पाहिला नव्हता.
येऊरला घोरपड पाहिली होती.
तिलाच मिशा काढल्या, नाकातून जाळ काढला,
शेपटी चाकापर्यंत नेली.
चिनी अक्षरंपण पायजेत, म्हणाला.
कपबश्यांचं एक खोकं होतं त्याच्याकडे,
त्यावरची चार उतरवली,
सांडलेल्या शेवया मोजाव्यात तशी, एकेक काडी बघून.

वीस वर्षं गाडी चालली त्या चार अक्षरांवर.
मग वागळे इस्टेटमध्ये यंत्र बसवायला आलेला
एक चिनी इंजिनिअर
मंचुरियन खाता खाता पाटीकडे बघून
इतका हसला की ठसका लागला.
पाणी पिऊन सांगितलं त्यानं, अर्धं हातवाऱ्यांनी:
नाजूक माल. जपून ठेवा.
भुजंग म्हणाला, राहू दे.
गिऱ्हाइकालाही तेच लागू आहे.

पुढे पुढे एकाच फळीवर
पंजाबी, चायनीज, काँटिनेंटल,
मागून धावत आलेलं मेक्सिकन.
इटालियनच्या 'न'ला जागा उरली नाही,
तो मी कोपऱ्यात दुमडून बसवला.
कुणाची तक्रार आली नाही.
कुणी वाचत होतं की नाही, कोण जाणे.
मग फ्लेक्स आला आणि माझी शिडी
शेजाऱ्यांनी आंबे काढायला नेली ती नेलीच.

शेवटचं काम परचुऱ्यांच्या नातवाचं.
कोलशेतला एक, दुबईला एक, अशा शाखा निघाल्या होत्या.
फक्त 'नाही' पुसायचं होतं, काका.
दोन तास लागले.
जुना ऑइल पेंट, लाकडात मुरलेला,
आणि हात मीच जाड मारलेला.

काल शाल्मली, माझी नात,
घोडबंदर रोडला घेऊन गेली. दुसरा मजला, कोरियन.
बाहेर नंबर लावून पार्ल्याचे, दादरचे लोक.
एकजण मला म्हणाला, ठाण्यातच राहता? मजा आहे तुमची.
मी वॉर्ड नंबर सांगणार होतो,
शाल्मलीनं कोपर मारलं.

पाटी वाचता येईना.
पण हात कळतो.
गोल एका दमात मारलेला, उभी रेघ न थरथरता.
फ्लेक्स नव्हे. ब्रश.
चष्मा वर करून खालचा कोपरा शोधला:
पेंटर इम्रान, राबोडी.

कुठल्या खोक्यावरून उतरवलं असेल, पोरा?
आणि हसायला कोण येणार आहे, किती वर्षांनी?

आत त्यांनी लोखंडी काड्या दिल्या.
शाल्मली शिकवत होती, अंगठा असा, बोट असं.
मी एकच घेतली, सहा नंबरच्या ब्रशसारखी,
लाल चटणीत बुडवली
आणि बशीच्या कडेला, सवयीनं,
एक 'शु' काढला.

कसं आहे? तिनं विचारलं.
रंग झकास, म्हणालो.
थोडं टर्पेंटाइन हवं होतं.