शेवटचं दार

दिग्रसच्या टॉकीजमध्ये रविवारी दुपारचा खेळ.
पंख्याखालच्या खुर्च्या आधीच गेलेल्या,
म्हणून मी आणि राही भिंतीकडेला.
तिच्या मांडीवर पॉपकॉर्न,
माझ्या मांडीवर टेस्टर-पक्कडची पिशवी,
कारण ड्युटी पाचला, थेट सबस्टेशनवर.

पडद्यावर कंदीलवाला आला आणि मी ओळखलंच नाही.
याला तोंड कुठून फुटलं?
आमच्या वेळी तो अठरा ठिपक्यांचा होता,
त्यातले दोन पिवळे म्हणजे कंदील.
चालायचा फक्त उजवीकडे.
काहून चालतो, हे आम्ही विचारलं नाही,
त्यानंही आम्हाला विचारलं नाही,
शाळा बुडवून इथं काहून बसले बे.

आता त्याला आई आहे, धुक्यात हरवलेली.
सोबतीला एक बदक, दर सहा मिनिटांनी पडणारं,
राही दर वेळी हसते, पहिल्यांदाच पडल्यासारखं.
कंदील म्हणजे आईची आठवण,
असं एक म्हातारं कासव समजावून सांगतं,
मग पुन्हा सांगतं.
मी जांभई दिली.

तेवढ्यात पूल आला.
तोच. तीन फळ्या, एक गायब, मग दोन.
खुर्चीच्या हातावर अंगठा आपोआप दाबला गेला
आणि खिळा टोचला.

खेळ होता फुलसिंग राठोडच्या आत्याकडे,
तांड्यावर, पोर्टेबल टीव्ही, पडद्यावर मुंग्या.
कॅसेटवर लिहिलेले नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव,
निघायचे अकरा.
फुंकर मारायची, खोचायची, सेवालाल महाराजांचं नाव घ्यायचं.
तीन जीवांत फुलसिंग किल्ल्याच्या शेवटच्या दाराशी पोचायचा,
लोखंडी दार, वर घुबड,
आणि बरोबर सातला लाइन जायची.
रोज.
अंधारात तो बटणं दाबत राहायचा थोडा वेळ.
"त्या लाइनमनच्या..."
पुढचं आत्या ऐकत असायची.

पुढं मीच तो झालो.
सत्तावीस गावांचं हँडल माझ्या हातात.
वरून फोन येतो, मी खाली ओढतो.
कुठल्या घरात कोण कुठल्या दाराशी उभं असेल,
रजिस्टरला तसा रकाना नाही.

पडद्यावर दार उघडलं.
मी खुर्चीच्या टोकाला.
आत आई. मिठी. मग सगळे नाचले,
घुबडसुद्धा.

"बाबा, रडून राह्यले का?"
"नाही वं. एसी लागला."
एसी नव्हता.
"तुमाले तवा मालूम नव्हतं, त्याची माय तिथं हाये म्हून?"
"नाही."
"मंग खेळत काहून होते?"

बाहेर उन्हात येऊन फुलसिंगला फोन लावला.
तो आदिलाबादकडे जेसीबीवर असतो,
दोन्ही हातांत दांडे, अंगठे अजून कामाचे.
माझ्यासाठी त्यानं मशीन बंद केली.
"पाह्यला? खरंच? मंग सांग ना बे,
दारामांगं काय निंघालं?"
तीस वर्षं. तिकडे कुठला तरी ट्रक खडी ओतत होता.
"काय सांगू," म्हटलं,
"नेमकी लाइन गेली."

शिवी आली तिकडून, ताजी, पुरी,
ऐकायला आत्या नव्हती.
राही माझ्याकडे बघत उभी,
बोटांवरचं मीठ चाटत.
पाचाला वीस कमी.