माप

जानेवारीतली सकाळ. दाजीपूरच्या नाक्यावर
केएमटीची एक बस धापा टाकत थांबली
आणि अठ्ठावीस पोरं उतरली, अंगावर शहर घेऊन.
कुणाच्या केसांत जेल, कुणाच्या बोटांना भडंगाचं तिखट,
एकाच्या खिशात गाणं अजून वाजतच होतं.

मी बोललो ते दरवर्षीचंच.
आवाज करायचा नाही, प्लास्टिक टाकायचं नाही,
गवा समोर आला तर पळायचं नाही.
"मग काय करायचं?" यादवनगरच्या मुद्दसरनं विचारलं.
"उभं राहायचं."
"नुसतं?"
"नुसतं."
एवढंच त्यांना अवघड वाटलं.

पहिल्या वळणावरच्या हिरड्यापाशी रेंज गेली.
गुजरीतल्या बंगाली कारागिराचा शुभोजित,
ज्याला सगळे शुभ्या म्हणतात,
बापाचं भिंग डोळ्याला लावून
कोळ्याच्या जाळ्यावर ओणवा झाला. बराच वेळ.
"कुठंच जोड नाही रं. एकच तार हाय."
आणि संमती उपाध्ये
मुंग्यांची रांग दिसली की दोन्ही हात पसरून
सगळी वरात अडवायची.
अशा चार रांगा लागल्या वाटेत.

म्हणून पाणवठ्यावर आम्हाला उशीर झाला.

गवा नव्हता.
चिखलात खूर होते, दोन फाकांचे, ताटलीएवढे,
आणि त्यांत पाणी अजून झिरपत होतं.
"म्हंजे आत्ता गेला?"
"आत्ताच."
"संमे, तुझ्या मुंग्यांनी घालवला बघ!"
हशा झाला. मी दटावणार, तेवढ्यात
सुभाषनगरची पौर्णिमा सातपुते पुढं आली.
घाटात पिशवीत उलटी करून
मागच्या बाकावर गप्प बसलेली तीच.
भाकरीभोवतीचा पेपर तिनं झटकला,
एका खुरावर अलगद पसरला, तळव्यानं दाबला.
कागद भिजला, कड उमटली.
त्या कडेकडेनं ती पेन्सिल फिरवायला लागली.

"पप्पा असंच घेतात," मान वर न करता म्हणाली,
"पेन्सिल उभी धरायची. तिरकी धरली की
वहाण ढिली होते."

पंधरा वर्षं मी ठशांत प्लास्टर ओततोय,
रजिस्टरात लिहितोय: प्रौढ नर, दिशा पश्चिम, वेळ अमुक.
पण ह्याला पायताण शिवायचंय
अशा नजरेनं कधी बघितलं नव्हतं.

"बाहेरच्या कडेवर भार टाकतोय," ती म्हणाली.
"हा पाय दुखत असणार त्याचा."

मी वाकलो. खरंच, एक फाक खोल रुतलेली,
दुसरी जेमतेम टेकलेली.
पुढच्या ठशातही तेच, त्याच्याही पुढच्या.
हसणारे कधी गप्प झाले कळलं नाही.
"औषध कोण देतं त्याला?" कुणीतरी विचारलं.
कोणी नाही, असं म्हणवेना,
म्हणून मी टोपी काढून परत घातली.

तेव्हा कारवीत काहीतरी जड मोडलं.
एक फुस्कारा आला, इंजिन बंद करताना येतो तसा.
दिसलं काहीच नाही. पानं हलली, थांबली.
अठ्ठावीस पोरं उभी होती.
नुसती.
मुद्दसरनं माझी बाही धरली होती,
त्याच्या लक्षात येईपर्यंत मीही हललो नाही.

मार्चात कचेरीच्या कामानं कोल्हापुरात गेलो,
परतताना वाट वाकडी करून सुभाषनगरात.
दुकानात कच्च्या चामड्याचा आणि तेलाचा वास,
भिंतीवरच्या खिळ्याला गिऱ्हाइकांची मापं ओवलेली:
कुलकर्णी, आठ. मोमीन वकील, दहा, अंगठा रुंद.
त्यांच्यामध्ये तो भाकरीचा पेपर, सुकून कडक झालेला.
कोपऱ्यात पोरीच्या अक्षरात:
गवा. दाजीपूर. पुढचा उजवा. दुखतोय.

सातपुत्यांनी आरी खाली ठेवली,
मला खालवर न्याहाळलं, खाकीवरून ओळखलं.
"साहेब, एका पायाचं माप घेऊन आलीया.
अजून तीन ऱ्हायल्यात.
कधी पाठवू तिला?"