घडी

सोमवारी दुपारी दहा शर्ट येते,
दहाही पांढरे.
पाच एकाचे, पाच दुसऱ्याचे.
कोणाचा कोणता ते मी कॉलरवरून सांगतो:
राजमुंद्रीवाल्याची मान डावीकडं घासते,
दार्जिलिंगवाल्याले घामच येत नाही.
मे महिन्यात, नागपुरात, घामच येत नाही!

मेकोसाबागेच्या वळणावर कडुलिंबाखाली माह्यं टेबल.
लोक म्हणते, टाय लावून फिरते हे पोट्टे,
विम्याचे एजंट असतीन.
छातीवर काळी पट्टी, पट्टीवर एल्डर.
मी इचारलं, एल्डर म्हणजे काय रे बाबा?
राजमुंद्रीवाला म्हणे, थोरला.
मिशी फुटली नाही नीट,
एकोणीस वर्षांचा थोरला.

माह्या थोरल्याचं इचारू नका.
तो पुण्याले असते, फोन दिवाळीले येते.
ह्याचा घरी फोन दर सोमवारी.
माय रडते का, इचारलं, तर म्हणे, नाही, हसते.
फोन ठेवल्यावर रडते,
बहीण सांगते.

चहा घेत नाही.
साऱ्या मोहल्ल्यात मी ज्याले चहा पाजू शकलो नाही
अशी ही एकच जोडी.
कॉफी नाही, पान नाही, खर्रा नाही,
देवानं सांगतलं म्हणे.
तेव्हा माह्या गालात खर्रा होता.
मी मान फिरवून थुंकलो,
कोणी मोठं माणूस आल्यासारखा.

एकमेकाले सोडून हलत नाही.
एक दुकानात शिरला तर दुसरा दारात उभा.
मग जोडीदार बदलते, शर्टाचं माप बदलते,
डावीकडं घासलेली कॉलर तेवढी रायते.
कोणाचं दार वाजवत नाही, बोलावलं तरच जाते,
अन् बोलावते कोण?
एक दिवस म्हणे, काका, आज दिवसभर कोणीच नाही.
मी म्हटलं, माह्याकडंही तीनच कपडे.
दोघंही हसलो.
मी कोळसा फुलवला.

एकदा पट्टी खिशातच रायली.
इस्त्री फिरली अन् प्लास्टिकचा वास आला.
नावाचं पहिलं अक्षर वाकडं झालं.
रात्रभर मले झोप नाही.
सकाळी त्यानं पट्टी हातात घेतली,
अंगठ्यानं चाचपली,
मग लावली तशीच.
नवी मिळते म्हणे, मागवली नाही.

बहिणीचं लग्न होतं तिकडं,
हा इथंच.
एकच शर्ट आणला: काका, आज कडक करा.
कुठं जायचं हाये?
अंबाझरीले, एका म्हाताऱ्याकडं, वाचून दाखवायले.
त्याचे डोळे गेले.
त्याले कशाले कडक शर्ट?
म्हणे, तो बाहीवर हात फिरवते.

बायकोचा गुडघा सुजला तेव्हा म्हणे, प्रार्थना करू?
मी म्हटलं, गुडघ्याले डॉक्टर हाये,
कोळसा महाग झाला, त्याचं पाय.
त्यानं खरंच केली.
भर रस्त्यात, ऑटोच्या हॉर्नात, डोळे मिटून.
हात जोडले नाही त्यानं.
दोन्ही बाह्या छातीवर आडव्या, एकीवर एक,
तीस वर्षं मी शर्टाची घडी घालतो
अगदी तशा.
इस्त्री माह्या हातात अधांतरी,
खाली ठेवायची आठवण रायली नाही.

कोळसा स्वस्त झाला नाही.
गुडघा उतरला, पण तो मलमानं.

दोन वर्षं भरली.
गाडी पहाटेची होती, पैसे आदल्या रात्री देऊन गेला,
एक शर्ट न्यायचा विसरला.
दार्जिलिंगवाला कधीचाच गेला होता,
नव्या जोडीले मापात बसत नाही.
बायको म्हणते, देऊन टाक कोणाले.
खालच्या फळीवर हाये.
धूळ बसली की काढतो,
पाणी शिंपडतो,
अन् कॉलर डावीकडून सुरू करतो.