खपली

कुओपिओचं इस्पितळ, भाजलेल्यांचा वॉर्ड, खाट सहा.
आउलिस केम्पाइनन, वय एकाहत्तर.
डाव्या हातावर लावायला मांडीची कातडी काढली;
आता हात गप्प, मांडीच बोलते.

मी पाकीट फाडते. आत पांढरा पापुद्रा,
ओला झाला की आरपार दिसणारा.
"हे कशाचं?"
"भूर्जाचं."
"सालीचं? माझा आजा सालीचे जोडे घालायचा."
"साल नव्हे, लाकूड. शिजवायचं, भरडायचं, पुन्हा भरडायचं,
एका केसाच्या जाडीत हजारो तंतू मावतील इतकं.
नॅनो म्हणतात."
तो छताकडे बघतो.
"चाळीस वर्षं ट्रकवर ओंडके लादले मी.
एकानं सांगितलं नाही."

कुठल्या रानातलं, हे त्याला हवं असतं.
पाकिटावर बॅच नंबर आहे, मुदत आहे,
रान छापलेलं नाही.
"सुओनेन्योकीच्या उतारावरचं असणार," तो ठरवून टाकतो.
मी असू दे म्हणते.

पूर्वी आम्ही ही पट्टी सोलून काढायचो.
खालची कोवळी कातडीही तिच्याबरोबर यायची.
मी तेव्हा नवी होते,
सकाळी सातला रेडिओ मोठा करायचे.
आता माझं काम एवढंच, हात न लावणं.
सुटेल तेवढीच कड कात्रीनं कापायची.
ओढायचं नाही.

तिसऱ्या रात्री तो भिंतीला सांगतो:
चुलीतही भूर्जच होतं,
काडी लावली की साल भुर्रकन पेटते,
रॉकेल ओतायला नको होतं.
भिंतीला सांगितलेलं मी कागदावर लिहीत नाही.

नवव्या दिवशी कडा वाळून वळल्या,
खालून गुलाबी, ओशाळलेलं काहीतरी वर आलं.
पंधराव्या दिवशी शेवटचा तुकडा चादरीत सापडला.
चष्म्याच्या डबीत ठेवला त्यानं.
फेकून द्या म्हणायला हवं होतं.

हाताची तीन बोटं वळत नाहीत.
त्यात भूर्जाला काही करता आलं नाही,
आम्हालाही.

टॅक्सी उशिरा आली. खिडकीतून दिसत होता,
मांडी जपत, पार्किंगमधल्या झाडाला टेकलेला.
खोडावर साल सुटून लोंबत होती.
उजव्या हातानं तिचं टोक धरलं त्यानं,
थोडा वेळ तसंच धरून ठेवलं,
आणि ओढलं नाही.